गुंडाप्पाच्या वाटणीची सावली

“उमल! उमल गं माझे माये! शंभूच्या नावानं डोळा उघड!”

कमळबाबांनी चिमटा दगडावर आपटला आणि कुंडाच्या काठावर दाटीवाटीनं उभी असलेली अख्खी दगडवाडी गपगार झाली. बायकांनी पदर तोंडाला लावले. लोहाऱ्याच्या बाजाराला निघालेली माणसं डोक्यावरच्या पाट्या तशाच धरून थांबली. एका कडेवरच्या पोरानं भोकाड पसरलं, तर आईनं त्याचं तोंडच दाबलं. देवाचं काम चाललंय, सुम्म बस!

बाबांचं स्तोत्र मोठं मजेशीर होतं. ते हिमालयात सुरू व्हायचं, काशीला जायचं, श्रीशैलाला वळसा घालायचं आणि संपायचं नेमकं कळी उमलायच्या वेळेला. कळी घाईत असली की बाबा काशीवरूनच माघारी फिरायचे. कळी आळसावलेली असली की बिचाऱ्यांना बारा ज्योतिर्लिंगं पालथी घालून वर गिरनारचा डोंगर चढावा लागायचा. आज बाबा श्रीशैलापाशी पोचले आणि पहिल्या कळीनं एक पाकळी सैल सोडली. मग दुसरी. मग तिच्या शेजारणीनं. लग्नघरातल्या पोरींनी वरात आली म्हणून एकामागं एक खिडकीतून तोंडं काढावीत, तशी निळी-जांभळी फुलं पाण्यावर उघडत गेली.

“कमळबाबा महाराज की जय!”

“ही फुलं,” बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “नागप्पाच्या पुण्याची. आन् तिकडं बघा.” चिमटा कुंडाच्या दुसऱ्या निम्म्याकडं वळला. तिकडं नुसती पानं. रुंद, हिरवीगार, एकमेकांच्या अंगावर चढलेली पानं, आणि फूल औषधाला नाही. “ते गुंडाप्पाच्या घरचं पाप!”

सगळी गर्दी वळली आणि जांभळीच्या बुंध्याला पाठ लावून उभ्या असलेल्या गुंडाप्पाकडं बघायला लागली.

गुंडाप्पानं हसून मिशीवरून हात फिरवला. पण पोटात असा जाळ उठला होता, की वर तवा ठेवला असता तर भाकरी फुगली असती.

हा जाळ जुना होता. साल त्रेचाळीस. वर निजामाचा अंमल, आणि त्याच्याही पलीकडं कुठंतरी मोठी लढाई चाललेली. दगडवाडीला त्या लढाईतलं एवढंच कळायचं, की घासलेट मिळत नाही. गावातली खरी लढाई दोन भावांची. थोरला गुंडाप्पा, धाकटा नागप्पा.

त्यांच्या वडलांनी मळ्यात शिवपूजेच्या फुलांसाठी दगडी कुंड बांधलं होतं. या घरात लहानथोर प्रत्येकाच्या गळ्यात लिंग. सकाळी ते तळहातावर घ्यायचं, त्याच्यावर फूल वाहायचं, मगच तोंडात घास घालायचा. फूल कुंडातलं. जाणते म्हणायचे की हे खरं कमळ नव्हे, त्याची धाकटी बहीण, कमोद. कमळाचं पान छत्रीसारखं उभं राहतं, हिचं पाण्यावर लोळत पडतं. पण गावानं एकदा कमळ म्हटलं की कमळच. चीर गेलेला जुना डेरा घ्यायचा, त्यात काळी माती न् कुजलेलं शेण भरायचं, कंद रोवायचा आणि तो डेरा छातीएवढ्या पाण्यात नेऊन ठेवायचा, एवढीच त्याची शेती.

वडील गेले आणि वाटणी झाली. जमीन निम्मी, बैल निम्मे, परसातला पाटा एकाला तर वरवंटा दुसऱ्याला. कुंडसुद्धा निम्मं निम्मं. पंच हणमंतप्पांनी काठावर दगड रोवला आणि म्हणाले, “थोरल्यानं आधी निवडावं.”

गुंडाप्पा म्हणजे गावातला एक नंबरचा खट्याळ माणूस. पन्नाशीला आला तरी खोड गेली नव्हती. वसुलीला आलेल्या गिरदावराच्या घोड्याच्या शेपटीला त्यानं वाळका भोपळा बांधला होता, आणि तो घोडा गिरदावराला न घेताच लोहाऱ्याला पोचला होता. असल्या माणसानं वाटणीत डोकं चालवलं नाही तर नवल. त्यानं वर बघितलं. कुंडाच्या उगवतीला भली थोरली जांभळी, फांद्या पार पाण्यावर वाकलेल्या. आपल्या मुलखाचं ऊन काय सांगावं! इथं माणूस सावलीसाठी सोयरीक मोडतो.

“जांभळीखालचं निम्मं माझं,” गुंडाप्पा म्हणाला.

दुपारची झोप झाली, म्हशीला गारवा झाला, वर जांभळं फुकट. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, “इरम्मे, नाग्याला वाटणीत नुसतं ऊन दिलं बग मी!” आणि मांडी बडवून बडवून हसला.

पुढच्याच सालापासून हसू आटलं. नागप्पाचं निम्मं फुलांनी भरायचं आणि गुंडाप्पाच्या निम्म्यात पानांचाच बाजार. त्यानं माती बदलली. शेण दुप्पट घातलं. नळदुर्गाच्या बाजूनं नवा कंद आणला. कुणी सांगितलं म्हणून ताकसुद्धा ओतलं. एकदाच काय ते एक फूल आलं, तेही आजारी माणसाच्या तोंडासारखं फिकट, अर्धवट उघडून मिटून गेलं. सकाळी पूजेला बसायची वेळ झाली की इरम्मा कण्हेरीचं फूल पुढं ठेवायची आणि म्हणायची, “घ्या. जावंच्या दारात मी फुलाला हात पसरणार न्हाय.” गुंडाप्पा डोळे मिटून लिंगावर कण्हेर वाहायचा, आणि मिटल्या डोळ्यांपुढं नागप्पाची कमळं यायची. शंकर दिसायचाच नाही.

अशात वैशाखात कमळबाबा आले, मागं झोळी धरून एक शिष्य. बाबांच्या अंगावर कफनी, कपाळभर भस्म, बोलण्यात अधूनमधून हिंदी. नागप्पाच्या ओसरीवर टेकले आणि तिथलेच झाले. रोज सकाळी ऊन जरा वर आलं की “उमल!” आणि दुपारी वामकुक्षी झाली की “निजा गं बायांनो!” आणि खरंच दुपार कलली की फुलं मिटायची.

गुंडाप्पाच्या मनात पहिल्यांदा काय आलं? हा लबाड आहे, असं? छे. ‘हा माझ्या ओसरीवर का टेकला न्हाय,’ असं आलं. खोटं कशाला सांगायचं! त्यानं बाबांना हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, आवतण दिलं. बाबा आले आणि असे जेवले, की उपाशी राहून तपश्चर्या केल्याच्या गोष्टी वाढणारीला तोंडपाठ झाल्या.

वाढणारी होती सून मल्लम्मा. आळंदकडची पोरगी, कामाला वाघीण, आणि मनात आलेलं तोंडात अडवून धरायची सवय नाही. तूप वाढता वाढता म्हणाली, “बाबा, फुलं तुमच्या हुकमानं उमलतेत म्हणं. मंग एक डाव दिवेलागणीला उमलवा की. आमी बाया दिवसभर खुरपायला असतो, आमाला कुठं बगायला मिळतंय?”

बाबांचा घास हातातच राहिला.

“ही सून कुठली?”

“आळंदकडची,” इरम्मा म्हणाली.

“लगीन होऊन?”

“तीन सालं.”

“पाळणा?”

इरम्मानं नुसती मान हलवली. बाबांनी घास गिळला, ढेकर दिला आणि डोळे मिटले. “मग बराबर हाय. हिचा पाय या घरात हाय तवर पाण्यात कळी न्हाय न् घरात पाळणा न्हाय.”

बाबा एवढ्यावर थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी कुंडातले सगळे डेरे वर काढायला लावले. नागप्पाच्या डेऱ्यांच्या गळ्याला तांबडा दोरा, पुण्याचा. गुंडाप्पाच्या डेऱ्यांना काळा, पापाचा. प्रत्येक गाठीत एक एक गुंज ओवली आणि गावासमोर बजावलं, “माझ्या हातची गाठ! ब्रह्मदेवाला सुटायची न्हाय!” डेरे परत पाण्यात गेले.

इरम्माला ते पटलं. मुलगा कल्याणप्पा, बैलासारखा गरीब माणूस, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. आणि गुंडाप्पा? त्याला आतून थोडं बरंच वाटलं. इतकी वर्षं पोट जाळलं, आता निदान जळण्याला कारण तरी सापडलं. ते कारण खाली मान घालून भांडी घासत होतं, इकडं त्यानं बघितलं नाही.

पण जाळ काही विझला नाही. नागप्पा गावातून असा चालायला लागला की जणू पुण्याची पाटी डोक्यावर आहे आणि ती सांडेल. गुंडाप्पाला वाटलं, हा नक्की पाण्यात काहीतरी टाकत असणार, कसलं तरी औषध. रंगेहाथ पकडायचा! म्हणून तो रोज झुंजुमुंजूला जांभळीखाली जाऊन बसायला लागला.

जळणाऱ्या माणसाइतकं बारीक जगात कोणी बघत नाही. भक्त बघतो ते हात जोडून, निम्मे डोळे मिटून. जळणारा पापणीसुद्धा लववत नाही. नागप्पा पाण्यात काही टाकत नव्हता. पण गुंडाप्पाला दुसरंच दिसायला लागलं. पहाटे जांभळीची सावली सगळ्या कुंडावर पसरलेली असायची. सूर्य वर चढला की ती सावली नागप्पाच्या निम्म्यावरून हळूहळू मागं सरकायची, धोतर आवरल्यासारखी. ज्या कळीवरून सावली हटली, ती उमलायला लागायची. लांबची आधी, जवळची मागून. त्याच क्रमानं, रोज. आणि बाबा त्याआधी कधी म्हणजे कधी काठावर यायचे नाहीत. गुंडाप्पाच्या निम्म्यावर मात्र फांद्याच आडव्या. सावली दिवसभर हलायची नाही. उतरत्या दुपारी मावळतीकडून जरा वेळ ऊन शिरायचं, तोवर फुलांच्या जातीची झोपायची वेळ झालेली.

मग आखाडात एक दिवस आभाळ भरून आलं. गुंडाप्पा मुद्दाम नागप्पाच्या ओसरीवर गेला.

“बाबा, चला की. लोक खोळंबलेत.”

बाबांनी तोंडावर बोट ठेवलं. शिष्य म्हणाला, “महाराजांचं आज मौन हाय.”

“परवा बी मौन होतं.”

“व्हय.”

“परवा बी ढग होते.”

शिष्यानं आभाळाकडं बघितलं आणि तोही मौनात गेला.

गुंडाप्पा कुंडावर परत आला आणि एवढ्या जोरात हसला की जांभळीवरचे कावळे उडाले. ते उडाले म्हणून त्यानं वर बघितलं. पानं, पानावर पान, आभाळाचा ठिपका दिसू नये असं दाट. आणि त्याला आपलेच शब्द आठवले. ‘नाग्याला वाटणीत नुसतं ऊन दिलं बग मी!’

अरारारा. इतकी वर्षं ज्याच्यावर जळत होतो, ते आपणच आपल्या हातानं भावाच्या पदरात घातलं होतं!

मल्लम्मा भाकरी घेऊन आली, तर सासरा कपाळाला हात लावून बसलेला. त्यानं तिला सगळं सांगितलं. सावली, ऊन, ढग, मौन. सांगता सांगता उठला, “थांब, आत्ता गावाला जमा करतो!”

“मामा, बसा,” मल्लम्मा म्हणाली. “तुमचं कोण ऐकंल?”

“कामून? खरं हाय ते!”

“खरं हाय. पर तुमी काकाजींवर जळता हे शेंबड्या पोराला बी ठावं हाय. जळणाऱ्या माणसाचं खरं कोण धरतंय? म्हणतील, फुलं न्हाईत म्हणून उनाला नावं ठेवायलाय.”

गुंडाप्पा बसला. पोरगी बोलली ते सुईसारखं टोचलं, पण सरळ होतं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं सुनेकडं नीट बघितलं. डोळे सुजलेले होते.

“काय झालं गं?”

“आत्तींनी माझं लुगड्यांचं गाठोडं बांधून ठिवलंय. कधी बी सांगावा येईल म्हणत होत्या.”

गुंडाप्पाच्या पोटातला जाळ तोच, पण आता त्याचं तोंड दुसरीकडं वळलं. त्यानं पाण्याखालच्या डेऱ्यांकडं बघितलं. मग मिशीखाली हळूच हसला, भोपळा बांधायच्या वेळी हसला होता तसं.

“मल्लम्मा, माझं खरं धरणार न्हाईत. पर बाबाच्या गाठीचं तर धरतील?”

नागप्पा कामानिमित्त लोहाऱ्याच्या कचेरीत गेला होता. बाबा जेवून घोरत होते, आणि भर दुपारी सारा गाव दारं लोटून पडला होता. सासरा-सून पाण्यात उतरले. तिनं कासोटा घातला, त्यानं धोतर खोचलं. तांबड्या दोऱ्याचे डेरे उचलून जांभळीखाली, काळ्या दोऱ्याचे डेरे उन्हात. दोरे पाण्याखाली, वरून सगळी पानं सारखीच. फुलं न् कळ्या असलेली देठं तेवढी तिनं खुडून घेतली.

“मल्लम्मा, जड काय गं? पाप का पुण्य?” धापा टाकत गुंडाप्पानं विचारलं.

“दोन्ही सारखंच, मामा. चिखलच हाय.”

झालं! दुसऱ्या सकाळपासून नागप्पाचं निम्मं ओकंबोकं. बाबा रोज काठावर येऊन हिमालय, काशी, श्रीशैल सगळं फिरले, घाम आला, फूल आलं नाही. नागप्पाचं तोंड उतरलं. गुंडाप्पाला मनातून गुदगुल्या झाल्या, लपवून कशाला ठेवायचं. पण बाबा काही कच्चे नव्हते.

“पाप पाण्यातून पलीकडं गेलं!” ते गरजले. “ती सून! तिची नजर! श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, पंचमीच्या आत, तिला गाडीत घालून माहेरी धाडा. कायमची. कल्याणप्पासाठी दुसरी मुलगी मी बघून ठेवली हाय, चांगल्या घरची.”

आता गुंडाप्पाची गुदगुली पळाली. गाव बाबांच्या मागं, नागप्पा मागं, स्वतःची बायको मागं. कल्याणप्पा एकदाच म्हणाला, “आये, राहू दे की,” आणि आईनं बघितल्याबरोबर गोठ्यात निघून गेला. हणमंतप्पा पंच म्हणाले, “गुंडाप्पा, गावाचं मन मोडता येत न्हाय बाबा.” म्हणजे सोमवारच्या आत उन्हातल्या पापी डेऱ्यांना फुलं यायला पाहिजेत. आणि फुलाला काही चिमटा आपटून घाई करता येत नाही. गुंडाप्पा रोज नागप्पा नसताना पाण्यात हात घालून देठं चाचपायचा. पान. पान. पुन्हा पान. रात्री झोप येईना. पावसानं दडी मारली म्हणून गाव रडत होतं, आणि हा एकटा देवाला म्हणत होता, “अजून चार दिस ऊन राहू दे.”

एका सकाळी बोटांना टोकदार काहीतरी लागलं. करंगळीएवढी कळी. तिच्या शेजारी आणखी एक.

सोमवारपर्यंत नागप्पाच्या निम्म्यात कळ्यांची रांग पाण्याबाहेर आली. गाव म्हणालं, बघा! सून जायची ठरली न् कळ्या आल्या! बाबांचा प्रताप!

सोमवारी काठावर तीळ ठेवायला जागा नव्हती. गाडी जुंपून उभी. मल्लम्मा गाठोडं मांडीवर घेऊन आत बसलेली. ताठ. बाबा चिमटा सावरत पुढं झाले, तेवढ्यात गुंडाप्पा आडवा आला. गळ्यात हलगी.

“बाबा, एक अर्जी हाय. सून चाललीच हाय. जायच्या आदी पाप्याला एक डाव फुलांशी बोलू द्या. न्हाई उमलली, तर मी बी तिच्यासंगं गाडीत बसतो, परत येत न्हाय.”

“हट! अपवित्र तोंड!” बाबांनी सूर्याकडं चोरून बघितलं. सावली सरकायलाच लागली होती. “हर हर शंभो...”

“थांबा महाराज,” हणमंतप्पा म्हणाले. त्यांना वाटणीपासून गुंडाप्पाच्या तमाशाची आवड. “बोलू द्या की. जातंय काय?”

“आन् बाबांवर बी अन्याय नको,” गुंडाप्पा म्हणाला. “त्या तिथं बघा, दुरडी पालथी घातलीया, वर घोंगडं. मी पहाटेच घातली. खाली एक कळी हाय. ती एक तुमची. तुमी तिला उमलवा. बाकीच्या माझ्या.”

लोक हसले. बाबांना मागं फिरता येईना. ते दुरडीसमोर उभे राहिले आणि हिमालयात शिरले. इकडं गुंडाप्पानं हलगीवर टिपरी मारली आणि सरकारी दवंडीचा सूर लावला.

“ऐका हो ऐकाऽ! खल्क खुदाचा, मुल्क बादशहाचा, हुकूम कचेरीचा! कुंडातल्या तमाम कमळांना इत्तला देण्यात येते, की सूर्य जांभळीच्या वर आला हाय. समद्यांनी बिनातक्रार उमलावं! जी कळी उमलणार न्हाय, तिला लोहाऱ्याला तारखेला हजर व्हावं लागंल होऽ!”

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्यातूनच त्यांना दिसलं, की लांबच्या कळीनं पाकळी सैल सोडली. मग तिच्या अलीकडचीनं. सावली मागं, फूल पुढं. गुंडाप्पा हलगी वाजवत होता, आणि सरकारी हुकमाची तामील बिनतक्रार चालली होती. हसणं हळूहळू थांबलं.

बाबा गिरनारवर पोचले होते. गुंडाप्पानं पाण्यात उतरून दुरडी उचलली. आतली कळी मूठ आवळल्यासारखी घट्ट मिटलेली.

“बाबा, दुरडी बी पापी हाय का?”

“ही फुलं नागप्पाच्या पुण्यानं उमलली!” बाबा ओरडले. “कुणी का बोलंना! पुण्य नागप्पाचं!”

“व्हय का? मंग पुण्य बगूया.” गुंडाप्पानं फुलाचा देठ धरला, खाली हात घातला आणि डेरा छातीशी धरून वर काढला. चिखल ओघळला. गळ्याला काळा दोरा, गाठीत गुंज. मग दुसरा. काळा. मग तो जांभळीखाली गेला आणि तिथला डेरा वर काढला. नुसती पानं, आणि गळ्याला तांबडा दोरा.

“म्या आन् माझ्या सुनेनं आखाडात डेरे बदललेत,” तो शांतपणे म्हणाला. “तवापास्नं पाप उनात हाय न् पुण्य सावलीत. पापाला फुलं आली. पुण्य बसलंय पानं चघळत.”

“दोरे बदलले! लबाडी!”

“कसे बदलीन? ब्रह्मदेवाला सुटायची न्हाय म्हणलं होतं तुमीच. हणमंतप्पा, गाठ बगा.”

हणमंतप्पांनी वाकून गाठ बघितली, गुंज चाचपली. “गाठ बाबाचीच हाय,” ते म्हणाले. मग त्यांनी मान वर केली, जांभळी बघितली, वाटणीचा दगड बघितला आणि पोट धरून हसायला लागले. “आरं गुंड्या! सावलीसाठी माझ्याशी सकाळपास्नं दुपारपर्यंत भांडला होतास की रं!”

सगळी गर्दी हसली. गुंडाप्पाचे कान लाल झाले. पण आज हसू द्या म्हणाला.

नागप्पा मात्र काठावर मटकन बसला. “म्हंजे अण्णा... माझं पुण्य?”

“ऊन, नागप्पा. नुसतं ऊन. आन् ते बी म्या दिलेलं.”

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “ती बगा, ती!” दुरडीखालच्या मिटलेल्या कळीवर आता ऊन पडलं होतं. कुणी मंत्र म्हणत नव्हतं, कुणी हलगी वाजवत नव्हतं. तिनं आपली सावकाश एक पाकळी उघडली, मग दुसरी. सगळे तिच्याकडं बघत होते, म्हणून बाबा न् शिष्य कुठल्या वाटेनं गेले ते कुणाला दिसलं नाही. बाबांनी मौन धरलं ते पार तामलवाडी ओलांडेपर्यंत सोडलं नाही, असं मागून कळलं. आभाळ मात्र निरभ्र होतं.

कल्याणप्पा गोठ्यातून पळत आला आणि बैल सोडायला वाकला.

“राहू द्या जुंपलेली,” मल्लम्मा गाडीतून म्हणाली.

सगळे चमकले. इरम्मा पुढं झाली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. “उतर की गं. चुकलं माझं. बाबाच्या नादी लागले.”

“आत्ती, पंचमी आली. समद्या लेकी माहेराला चालल्यात. गाडी जुंपलीच हाय, तर मी बी जाते. झोका खेळते, आईच्या हातचं खाते.” मग ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, “आन् न्यायला तुमी यायचं. गोठ्यात लपायचं न्हाय. समद्यांसमोर म्हणायचं, घरी चल. तवाच येईन.”

कल्याणप्पानं मान हलवली. सासूनं वाकून पाण्यातलं एक फूल खुडलं, काळ्या दोऱ्याच्या डेऱ्याचं, आणि सुनेच्या हातात दिलं. सकाळची पूजा राहिली होती. मल्लम्मानं गाडीतच लिंग तळहातावर घेतलं आणि ते फूल वाहिलं. चाक हललं.

पंचमी झाल्यावर कल्याणप्पा गेला, आणि म्हणाला, घरी चल. आळंदच्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. ती आली.

गुंडाप्पानं जांभळीच्या खालच्या फांद्या उतरवल्या. दुपारची झोप गेली, म्हैस कुरकुरली, पण भादव्यात त्याच्या निम्म्यात फुलं दिसायला लागली. नागप्पापेक्षा एक जास्तच, असं तो म्हणतो. नागप्पा म्हणतो, एक कमी. दोघं रोज सकाळी काठावर येऊन एकमेकांची मोजतात आणि एकमेकांवर जळतात. जळू द्या. माणूस आहे, जळणारच.

पण मंडळी, शेजाऱ्याचं फूल बघून पोटात दुखलं तर त्याचं औषध बाबाकडं मागू नका. तो तुमच्याच घरातल्या कुणाच्या तरी पायात पाप शोधून देईल, आणि गाठोडं बांधायला लावील. दुखू द्या पोट, डोळे तेवढे उघडे ठेवा. मान वर करा आणि आधी बघा, आपल्या पाण्यावर सावली कशाची पडलीय.